एकच तबकडी, तीही उशिरा

मंडळी, नंदू भेंडे म्हटलं की आपल्याला ‘तीन पैशाचा तमाशा’ आठवतो. पण त्याच्या आधी, १९७४ साली, अलेक पदमसींनी मुंबईत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ केलं. त्यात नंदू ज्युडास झाले होते आणि येशू झाले होते मधुकर दास. हे दास मुंबईच्या ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ बँडचे गायक. (बँड म्हणजे वरातीचा नव्हे!) बँड उभा केला बेस गिटार वाजवणाऱ्या कीथ कांगांनी. सायकेडेलिक रॉक, म्हणजे गिटारचा आवाज पार फाटेस्तोवर ताणायचा, गाणं लांबवत न्यायचं, ऐकणारा तंद्रीत गेला पाहिजे.

हे सगळं साउथ बॉम्बेचं, आपला काय संबंध, असं वाटेल. पण १९७१ मध्ये मळवलीला ‘स्नेह यात्रा’ नावाचा मोठा रॉक महोत्सव झाला होता. तेव्हा वाशीचा पूल नव्हता, एक्स्प्रेस वे तर नव्हताच. मुंबईहून गाडीने घाटात जायचं तर ठाणे, मुंब्रा, शीळफाटा आणि मग आपलं पनवेल. म्हणजे रस्त्याने गेलेली ती लांब केसांची पोरं आपल्याच गावातून गेली असणार.

ही मंडळी वाजवण्यात कमी नव्हती. पण परदेशी गिटार-अ‍ॅम्प्लिफायर आणायचे तर आयातीची बंधनं, वर जबर ड्युटी. कंपन्यांचा गल्ला भरायचा सिनेमाच्या गाण्यांवर, त्या इंग्रजी रॉकवर पैसे कशाला लावतील? लोकांनाही ओळखीचीच परदेशी गाणी हवी असायची. माझ्या मते खरा घात इथे झाला. दुसऱ्याचं हुबेहूब वाजवण्यात उमेदीची वर्षं गेली.

‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ची एकुलती एक तबकडी ‘ऑब्सेशन’ १९८१ साली बाजारात आली. तोवर बँड पांगला होता. डिस्कोचे दिवस सुरू झाले होते, विचारतो कोण! पुढे कॅलिफोर्नियातल्या नाऊ-अगेन या छोट्या कंपनीने तेच रेकॉर्डिंग शोधून पुन्हा काढलं, म्हणून आज आपल्याला मोबाईलवर ऐकता येतं. त्या काळातल्या बाकीच्या कितीतरी बँडची तेवढीही खूण राहिली नाही.

आपल्या पनवेल-खांदा कॉलनीतली पोरं आज स्वतःची गाणी बांधतात, गणपतीच्या स्टेजवर वाजवतात. बाबांनो, एक तरी नीट रेकॉर्डिंग करून ठेवा. सोबत कोण काय वाजवतंय आणि तारीख, एवढं लिहा. आणि १९७१ साली कुणाच्या घरातलं कुणी मळवलीला गेलं असेल, तर खाली सांगा. फोटो असेल तर फारच उत्तम.