आर्केड यंत्रांची मालवाहतूक

नाणे टाकून खेळायची व्हिडिओ गेमची व पिनबॉलची यंत्रे मालट्रकने किंवा जहाजाने पाठवण्याचा व्यवहार आणि त्याचा खर्च. अमेरिकेत अशा जुन्या यंत्रांचा बाजार मोठा आहे. विकणारा एका राज्यात आणि घेणारा दुसऱ्या टोकाला, हा प्रकार नेहमीचा. स्वस्तात हाती लागलेल्या यंत्राचे भाडे त्याच्या किमतीहून जास्त होते, असेही घडते. भाड्यात मैल मोजले जातातच. पण ट्रकमध्ये अडणारी जागा, हाताळणी आणि माल कुठल्या दारात उतरायचा आहे, या तीन गोष्टी पुष्कळदा अंतरापेक्षा भारी पडतात.

साधे उभे यंत्र सुमारे सहा फूट उंच आणि ११० ते १५० किलो वजनाचे असते. फेडेक्स किंवा यूपीएसच्या पार्सल सेवेत एका नगाची वजनमर्यादा १५० पौंड, म्हणजे सुमारे ६८ किलो आहे. त्यामुळे यंत्र लाकडी पॅलेटवर बांधून पार्ट लोडने पाठवावे लागते. पार्ट लोडच्या ट्रकमध्ये अनेकांचा माल असतो आणि वाटेतल्या टर्मिनलवर तो उतरवून दुसऱ्या ट्रकमध्ये चढवला जातो.

भाड्याचा पाया म्हणजे मालाचा वर्ग. नॅशनल मोटर फ्रेट ट्रॅफिक असोसिएशनच्या वर्गीकरणात ५० ते ५०० असे १८ वर्ग आहेत. वर्ग जितका वरचा, तितके भाडे चढे. वर्ग ठरवताना घनतेला मोठे वजन असते आणि जुलै २०२५ मधील फेरबदलानंतर घनतेचे १३ पायऱ्यांचे कोष्टक पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक मालांना लागू झाले. आर्केड यंत्र म्हणजे बव्हंशी पोकळ पेटी, त्यामुळे ते या हिशोबात मार खाते. बांधणीसह ३३० पौंडांचे यंत्र ४८ बाय ४० इंचांच्या नेहमीच्या पॅलेटवर उभे केले आणि एकूण उंची साडेसहा फूट धरली, तर घनफळ ८६.७ घनफूट आणि घनता घनफुटाला ३.८ पौंड भरते. कोष्टकानुसार हा वर्ग २५०. तेच यंत्र ३६ बाय ३० इंचांच्या, मापाने बनवलेल्या पॅलेटवर बसवले, तर घनफळ ४८.७५ घनफूट, घनता सुमारे ६.८ आणि वर्ग १२५. वजन तेच, मार्ग तोच; फरक फक्त चार फळ्यांच्या लांबीचा. पाठवणाऱ्याने भाव विचारण्याआधी टेप हातात घ्यावी, ती यासाठी. मापे अंदाजाने सांगितली तर कंपनी टर्मिनलवर पुन्हा मोजते आणि वाढीव बिल मागाहून येते.

वर्गाच्या भाड्यावर अधिभार चढतात. घरपोच सेवेला वेगळे पैसे, माल जमिनीवर उतरवणाऱ्या लिफ्टगेटला वेगळे. डिझेल अधिभार अमेरिकी ऊर्जा खात्याच्या साप्ताहिक दरांशी जोडलेला असतो, म्हणून गेल्या महिन्याचा भाव आज चालत नाही. एका टर्मिनलवर स्वतः नेऊन देणे आणि दुसऱ्या टर्मिनलवरून स्वतः उचलणे, हा सर्वांत किफायती मार्ग. ज्याच्याकडे पिकअप ट्रक आणि दोन धट्टेकट्टे मित्र आहेत, त्याने दुसरा मार्ग शोधू नये.

खर्चाचा खरा धोका मोडतोडीत आहे. १९०६ च्या कारमॅक दुरुस्तीने वाहतूकदारावर नुकसानीची जबाबदारी टाकली, पण ती मर्यादित करण्याची मुभाही कायद्यात आहे. वापरलेल्या मालासाठी ती पौंडामागे १० सेंट इतकी खाली असू शकते. ३०० पौंडांच्या यंत्राला मग ३० डॉलर मिळतात. त्यामुळे वेगळा विमा हा भाड्याचाच भाग समजावा. पडद्याच्या काचनळीची मान फार नाजूक असते. ती तडकली की नळी निकामी, आणि तशी नवी नळी आता मिळत नाही. माल ताब्यात घेताना दिसलेली मोडतोड पावतीवर लिहूनच सही करावी. नाण्यांच्या दाराची किल्ली यंत्रात बंद करू नये. पिनबॉल यंत्राचे पाय काढून, माथा दुमडून ते शेपटीवर उभे करतात, त्यामुळे जागा कमी लागते. मात्र त्याआधी आतले पोलादी गोळे काढलेच पाहिजेत, नाहीतर प्रवासभर ते खेळफळीवर आपटत राहतात.

यंत्रे नवी होती तेव्हा हा प्रश्न असा नव्हता. मिडवेने १९८० मध्ये पॅक-मॅन अमेरिकेत आणले, तेव्हा शिकागो परिसरातल्या कारखान्यांतून यंत्रे घाऊक वितरकांकडे जात आणि भाडे अनेक नगांत वाटले जाई. त्याच वर्षीच्या मोटर कॅरियर कायद्याने ट्रकभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण सैल केले. तेव्हापासून मोठ्या गिऱ्हाइकाला घासाघीस करून सूट मिळते; एकच यंत्र पाठवणाऱ्याला ती दलालामार्फत मिळवावी लागते.

जपानमधून येणाऱ्या सेगाच्या ॲस्ट्रो सिटी किंवा टायटोच्या एग्रेट २ सारख्या पेट्यांचा हिशोब निराळा. सुट्या मालाचे समुद्रभाडे घनमीटर किंवा टन, यांपैकी जे जास्त भरेल त्यावर लावतात. या पेट्यांच्या बाबतीत घनमीटरच जास्त भरतो. बंदरावरची हाताळणी, कागदपत्रे आणि जकातीचे सोपस्कार एका पेटीलाही चुकत नाहीत, त्यामुळे आयातदार गिऱ्हाइके जमवून पूर्ण कंटेनर भरतात.