व्ह्यूज मोजण्याआधी

'मोबाईलवर गाणं टाकलं आणि पोरगा रातोरात स्टार झाला' अशी बातमी मीही लिहिली आहे. चान्स द रॅपरचा प्रवास वाचल्यावर मात्र ती अपुरी वाटू लागली.

१९९३ साली शिकागोत जन्मलेला हा चान्सलर बेनेट. शाळेने दहा दिवस घरी बसवलं, तेव्हा त्याने गाणी रचायला घेतली. २०१२ मध्ये '१० डे' हा संग्रह इंटरनेटवर फुकट टाकला. २०१६ चा 'कलरिंग बुक' तर विक्रीला आलाच नाही, फक्त स्ट्रीमिंगवर आला. पहिल्याच आठवड्यात त्यातली गाणी ५ कोटी ७० लाखांहून जास्त वेळा ऐकली गेली आणि बिलबोर्डच्या यादीत तो आठवा आला. त्याच वर्षी ग्रॅमीने नियम बदलून केवळ स्ट्रीमिंगवरचं संगीतही पात्र ठरवलं. २०१७ मध्ये त्याला तीन ग्रॅमी मिळाले.

कंपनीशिवाय जिंकला, असं म्हणतात. अर्धं खरं आहे. अल्बम दोन आठवडे फक्त आपल्याकडे राहावा म्हणून ॲपलने पाच लाख डॉलर दिले, हे त्यानेच सांगितलंय.

आणि त्याही आधी? शिकागोच्या हॅरोल्ड वॉशिंग्टन सार्वजनिक वाचनालयात २००९ पासून तरुण पोरांसाठी एक दालन आहे. तिथे रेकॉर्डिंगची सोय, माईक, ऐकायला समोर माणसं, सगळं फुकट. चान्स तिथेच घडला. मार्च २०१७ मध्ये त्याने शहराच्या सरकारी शाळांना १० लाख डॉलर जाहीर केले, ते उगाच नाही.

पुढच्या वेळी अशी बातमी लिहिताना व्ह्यूज मोजण्याआधी मी विचारणार आहे: याला सरावाला माईक कुणी दिला होता?