धानाचे तणस पौष्टिक कसे करतात?

हेमलकसा (ता. भामरागड, जि. गडचिरोली) परिसरात जनावरे मुख्यतः जंगलात चरतात. पाऊस कमी झाला की गवत लवकर वाळते आणि भिस्त धानाच्या तणसावर येते. पण तणसाने पोट भरते, पोषण होत नाही. त्यात प्रथिने जेमतेम ३ ते ४ टक्के असतात. नुसत्या तणसावर जनावर खंगत जाते.

उपाय काय?
युरिया प्रक्रिया. १०० किलो तणसासाठी ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवतात. तणसाचे थर देत त्यावर हे पाणी शिंपडतात, तुडवून दाबतात आणि प्लास्टिकने घट्ट झाकतात. २१ दिवसांत युरियातून तयार झालेला अमोनिया तणस मऊ करतो. त्यातील नत्रापासून पोटातले सूक्ष्मजीव प्रथिने बनवतात.

काळजी काय घ्यावी?
खाऊ घालण्यापूर्वी तणस तासभर उघड्यावर पसरावे. सुरुवात थोड्या प्रमाणात करावी. ६ महिन्यांखालील वासरांना देऊ नये. युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी लागल्यास विषबाधेने जीव जाऊ शकतो.

प्रक्रियेला ३ आठवडे लागतात. म्हणून चारा संपण्याची वाट न पाहता आधीच तयारी करावी.