अतिवृष्टीत वाहून गेलेला गावरस्ता : दुरुस्तीचा पैसा कुठून येतो, कुठे अडतो?

हैदराबाद : पाऊस थांबतो, पूर ओसरतो, पण गावचा रस्ता मात्र पुढचे दोन-तीन पावसाळे तसाच राहतो. आदिलाबाद, निर्मल, निजामाबाद, कामारेड्डी असो की पलीकडचे नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर, सीमेच्या दोन्ही बाजूंना लोकांचा प्रश्न एकच असतो : "कोटींचे आकडे पेपरात येतात, मग आमच्या मोरीवर साधा मुरूम का पडत नाही?" या प्रश्नाचे उत्तर निधीच्या वाटेत आहे.

आधी रस्ता कोणाचा ते पाहा

महाराष्ट्रात ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. तेलंगणात गावरस्ते पंचायत राज अभियांत्रिकी विभागाकडे, तर मोठे रस्ते 'आर अँड बी' म्हणजे रस्ते व इमारती विभागाकडे आहेत. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज तिथेच पडून राहतो. सीमेवरच्या गावांत तर एकाच रस्त्याचा अर्धा तुकडा एका राज्यात आणि अर्धा दुसऱ्या राज्यात असतो. तिथे दोन्हीकडे वेगळे अर्ज, वेगळे पंचनामे करावे लागतात.

पहिला पैसा : राज्य आपत्ती प्रतिसाद निधी

आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 च्या कलम 48 नुसार प्रत्येक राज्यात हा निधी असतो. महाराष्ट्र, तेलंगणासारख्या राज्यांत त्यात केंद्राचा वाटा 75 टक्के आणि राज्याचा 25 टक्के. केंद्र आपला हिस्सा वर्षातून दोन हप्त्यांत देते.

या निधीतून रस्ता नवा होत नाही, फक्त वाहतूक सुरू करता येते. खड्डे आणि तुटलेला भराव भरणे, पाणी जाण्यासाठी पाइप टाकणे, फुटलेली मोरी दुरुस्त करणे, पूल वाहून गेला असेल तर बाजूने वळणरस्ता काढणे, खचलेल्या भागावर खडी-मुरूम टाकणे, एवढीच कामे त्यात बसतात. तीही मैदानी भागात साधारण 30 ते 45 दिवसांत व्हावीत अशी अपेक्षा असते.

दरही मर्यादित आहेत. 2015 ते 2020 या काळातील निकषांत, राज्याचे स्वतःचे दुरुस्तीचे दर अधिसूचित नसतील तर ग्रामीण रस्त्याला किलोमीटरमागे 60 हजार रुपये आणि राज्य मार्ग व प्रमुख जिल्हा मार्गाला 1 लाख रुपये धरले होते. एवढ्यात मुरूम पडतो, डांबर पडत नाही. म्हणून रस्ता 'दुरुस्त झाला' अशी कागदावर नोंद होते आणि पुढच्या पावसात तोच तुकडा पुन्हा वाहून जातो.

मागणी आणि मदत यातली दरी

2024 च्या ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला खम्मम, महबूबाबाद, सूर्यापेट भागात मोठा पूर आला. तेलंगणा सरकारचा नुकसानीचा प्राथमिक अंदाज 5,438 कोटी रुपयांचा होता. त्यात सर्वात मोठा वाटा रस्ते व इमारती विभागाचा, 2,362 कोटी रुपये. पुढे एकूण आकडा 10 हजार कोटींच्या वर गेला. 1 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्राने 14 राज्यांना मिळून 5,858.60 कोटी रुपये दिले. त्यात तेलंगणाच्या वाट्याला 416.80 कोटी आणि महाराष्ट्राच्या वाट्याला 1,492 कोटी आले.

ऑगस्ट 2025 मध्ये कामारेड्डी, मेदक, निर्मल, आदिलाबादला झोडपून काढणारा पाऊस झाला. त्याच महिन्यात नांदेडच्या मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव पाण्याखाली गेले. सप्टेंबरमध्ये तेलंगणाने 2024 आणि 2025 अशा दोन्ही वर्षांच्या पुरासाठी केंद्राकडे 16,732 कोटी रुपये मागितले. म्हणजे पहिल्या पुराचा हिशेब मिटायच्या आत दुसरा पूर आला होता.

राज्याचा निधी अपुरा पडला तर राष्ट्रीय निधीतून मदत मिळू शकते. पण त्यासाठी राज्याचे निवेदन, केंद्रीय पथकाची पाहणी आणि गृहमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीची मंजुरी लागते. ही मदतही ठरलेल्या निकषांनीच मोजली जाते. संपूर्ण नुकसानभरपाई असा तिचा अर्थ नसतो.

कायमस्वरूपी कामाचे मार्ग

पक्क्या कामासाठी राज्याचे बजेटच मुख्य आधार आहे. महाराष्ट्र सरकारने 7 ऑक्टोबर 2025 रोजी जाहीर केलेल्या 31,628 कोटींच्या पॅकेजमध्ये पायाभूत सुविधांसाठी 10 हजार कोटी रुपये दाखवले होते. शिवाय जिल्हा नियोजन समितीचा निधी असतो. तेलंगणाने रस्त्यांसाठी 'हॅम' पद्धतीचा मार्ग धरला आहे. त्यात ठेकेदार खर्चाचा काही भाग आधी स्वतः घालतो आणि सरकार तो वर्षानुवर्षे हप्त्यांनी फेडते. रस्ता लवकर होतो, पण पुढच्या बजेटवर बोजा राहतो.

15 व्या वित्त आयोगाने 2021-26 साठी आपत्ती निधीत 'पुनर्प्राप्ती व पुनर्बांधणी' असा 30 टक्क्यांचा वेगळा कप्पा केला. पण त्यासाठी नुकसानीचे सविस्तर मूल्यांकन लागते. साधा पंचनामा पुरत नाही.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता असेल तर गोष्ट वेगळी. काम पूर्ण झाल्यावर पाच वर्षे देखभाल त्याच ठेकेदाराच्या करारात असते आणि तिचा पैसा राज्य देते. रस्त्यावरच्या फलकावर काम पूर्ण झाल्याची आणि देखभालीची मुदत लिहिलेली असते. ती संपलेली नसेल तर 'निधी नाही' हे उत्तर पटण्यासारखे नाही.

ग्रामपंचायतीचा पैसा का आटला?

वित्त आयोगाचे अनुदान निवडून आलेल्या मंडळालाच मिळते. तेलंगणातील सरपंचांची मुदत जानेवारी 2024 अखेर संपली आणि निवडणुका थेट डिसेंबर 2025 मध्ये झाल्या. मधल्या काळात विशेष अधिकारी होते आणि हे अनुदान अडकले. नेमके याच काळात दोन मोठे पूर येऊन गेले. एरवी ग्रामपंचायत स्वतः करू शकली असती अशी छोटी कामे त्यामुळे खोळंबली.

गावाने काय करावे?

- पाणी ओसरताच फोटो काढा. तारीख, ठिकाण आणि रस्त्याचा किलोमीटर लिहून ठेवा.
- पंचनाम्यात पीक आणि घरांबरोबर मोरी, पूल, भराव यांची वेगळी नोंद झाली का ते पाहा. नोंदच नसेल तर पुढे पैसा येत नाही.
- ग्रामसभेचा ठराव घ्या. तात्पुरती दुरुस्ती आणि पक्के काम अशा दोन वेगळ्या मागण्या करा.
- मोरी पुन्हा पुन्हा वाहून जात असेल तर मोठ्या गाळ्याची मागणी करा. तेवढ्याच आकाराची मोरी पुन्हा तशीच फुटेल.
- तेलंगणात सोमवारच्या प्रजावाणीत, महाराष्ट्रात महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या लोकशाही दिनात अर्ज द्या आणि पोच घ्या. ग्रामसडक योजनेच्या रस्त्यासाठी 'मेरी सडक' ॲपवरही तक्रार करता येते.
- काम मंजूर झाले असे सांगितले तर तेवढ्यावर थांबू नका. प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश यांपैकी काय झाले ते विचारा. कार्यारंभ आदेश निघाल्याशिवाय रस्त्यावर मशीन येत नाही.