'गारवा'च्या आधीचे निवेदन

१९९८ साली आलेल्या 'गारवा'पासून मराठी अल्बमचा प्रारंभ धरणारे पुष्कळ आढळतात. आम्हांला ते मान्य नाही. कान्हे ते पुणे हा लोकलचा प्रवास सुमारे तासाभराचा. मावळातल्या पावसात, कानाला वॉकमन लावून, कॅसेटच्या दोन्ही बाजू त्यात ऐकून होत. मिलिंद इंगळे यांच्या चालींपेक्षाही मनात राहिले ते सौमित्र यांचे काव्यवाचन. सुटी गाणी त्यानेच एका सूत्रात ओवली होती.

ही युक्ती मात्र जुनी. शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीनिमित्त १९७४ साली निघालेल्या 'शिवकल्याण राजा'त बाबासाहेब पुरंदरे यांचे निवेदन रामदास, भूषण, सावरकर, कुसुमाग्रज अशा शतकांच्या अंतरावरील कवींना एकत्र बांधते. हृदयनाथांचे संगीत आणि लताबाईंचा स्वर थोर खराच. पण निवेदन वगळले, तर उरतो तो केवळ उत्तम गीतसंग्रह.

अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत यांच्या 'ऐका दाजीबा'ने (२००२) हा धागा तोडला. तिथे ठेका पुरेसा होता. त्या वेळी आम्ही वर्गात नाके मुरडली. (सहलीच्या बसमध्ये मात्र ताल धरला होता, हेही नोंदवले पाहिजे.) आज तो नापसंतीचा सूर आम्हांला अभिरुचीपेक्षा प्राध्यापकी ऐटीचाच अधिक वाटतो.

आता मोबाइलवर गाणे एकेकटे येते. आमच्या एका विद्यार्थिनीला 'गारवा'तली गाणी पाठ आहेत. त्यांच्या आगेमागे कविता आहे, हे तिला ठाऊक नव्हते. आम्ही तिला आमची कॅसेट दिली. ती वाजवायला तिच्या घरी यंत्र नव्हते.