महाविद्यालयाचा मल्ल आणि पैसा

नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत विजयी मल्लास इनाम मिळते. त्यात कोणास वावगे वाटत नाही. विद्यार्थी-खेळाडूने मात्र पैशास शिवू नये, असा दंडक अमेरिकेतील महाविद्यालयांनी दीर्घकाळ मिरविला. 2021 साली तो सैल झाला, आणि जुलै 2025 पासून तेथील विद्यापीठेच खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली. अधिक रक्कम देणाऱ्या संस्थेकडे जाणाऱ्यास आता वर्षभर खेळावाचून बसावेही लागत नाही.

कोल्हापुरात पैशाचा ओघ उलट्या दिशेने वाहिला होता. राजाराम महाविद्यालयात शिकलेले खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निघाले, तेव्हा सरकारी मदत पुरेशी नव्हती. गोळेश्वरच्या ग्रामस्थांनी वर्गणी काढली. त्या महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले खर्डेकर यांनी तर राहते घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले! हे कलम कोणत्या जमाखर्चात बसावे? खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मिरवणूक संपली, पण कर्ज उरले होते. मग खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरविली आणि त्या उत्पन्नातून गुरुजींचे घर सोडविले.