पल्स ऑक्सिमीटर आणि क्षीण रक्ताभिसरण

पल्स ऑक्सिमीटर हे रक्तातील प्राणवायूची संपृक्तता त्वचेवरून मोजणारे उपकरण आहे. त्याचे तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडले. लाल व अवरक्त प्रकाश बोटातून पाठवून, नाडीच्या ठोक्यासरशी बदलणारे शोषणच तेवढे हिशेबात घेतले जाते. नेमकी हीच त्याची मर्यादा ठरते. रक्तदाब खालावला किंवा हात गारठले, की बोटातील स्पंदन क्षीण होते. मग हालचालीमुळे शिरांतील रक्तात उठणारी स्पंदनेही नाडी म्हणून मोजली जातात. पडद्यावरचा आकडा मात्र तितक्याच ठामपणे झळकत राहतो. अशा वेळी हात ऊबदार करतात किंवा कपाळासाठीचा वेगळा संवेदक लावतात, कारण थंडीत कपाळाचा रक्तपुरवठा बोटांइतका आटत नाही. काही उपकरणे स्पंदनाचे बळ निर्देशांकाने दर्शवितात. शंका उरल्यास धमनीतील रक्ताची तपासणीच प्रमाण मानतात.